लाँचमधून आलेलं माहेर

सासुरवाडीच्या माजघरात पाऊल टाकलं आणि मी तिथंच थबकलो. चूल जागेवर नव्हती.

भांडी दिसली नसती तर घासायला नेली म्हणालो असतो. बाजलं दिसलं नसतं तर उन्हात टाकलं असेल म्हणून गप्प बसलो असतो. पण चूल? मातीनं जमिनीला जखडलेली, वर्षानुवर्षं पोतेरं फिरवून गुळगुळीत झालेली ती चूल घरातून उठून जाते कुठं? तिच्या जागी खड्डा होता आणि खड्ड्याच्या कडेला पहार पडलेली.

खरं तर त्या दिवशी मी भांडायच्या तयारीनं आलो होतो. लाँचमध्ये बसल्या बसल्या सगळी वाक्यं मनात घोटून ठेवली होती. 'मामी, आज मी वैजूला घेऊन जाणार. मग मला जावई म्हणा नाही तर आणखी काही म्हणा.' पलीकडच्या धक्क्यावर मित्राची जीपसुद्धा उभी करून आलो होतो. एस.टी.त कंडक्टरकी करणाऱ्याला भांडणाचं कसलं भय? पण भांडायला समोर माणूस तरी हवं. घरात चिटपाखरू नव्हतं.

"मामी! ओ मामी!"

परसातून सासऱ्यांचा आवाज आला, "पावणं, आलासा व्हय? बरं झालं. ह्ये जातं धरू लागा जरा."

धोंडिबामामा जात्याची वरची तळी पोत्यात गुंडाळत बसले होते. तळहातावरची तंबाखू जितक्या शांतपणे चोळावी तितक्याच शांतपणे.

"मामा, चूल कुठाय?"

"लाँचमधी."

"लाँचमध्ये? आणि मामी?"

"चुलीसंगं."

"वैजू?"

"आयेसंगं. त्या बैलवाटंनं खाली गेल्या, तुमी चढणीनं वर आलासा. चुकामूक झाली."

"अहो, पण हे चाललंय काय?"

"मला इचारू नगासा. मला जातं उचलाय सांगितलंय, म्या जातं उचलतुया," असं म्हणून मामांनी पोत्याचं एक टोक माझ्या हातात दिलं.

आता हे सगळं कशावरून सुरू झालं ते सांगायला हवं.

कारवीमुरा ही माझी सासुरवाडी धरणाच्या पाण्यापलीकडं. डोंगराच्या कुशीत थोडीशी घरं, मागं जंगल, पुढं पाणी. रस्ता म्हणून नाहीच. जे काही जायचं-यायचं ते हैबतीच्या लाँचनं. ती सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, तीही वाऱ्याची मर्जी असेल तर. उन्हाळ्याच्या तोंडाला दुपारनंतर वारं उठलं की पाणी असं खवळायचं, की हैबती लाँच बांधून टाकायचा आणि मग राष्ट्रपती आले तरी सोडायचा नाही.

वैजयंता, म्हणजे माझी बायको, पहिलटकरीण. सातव्या महिन्यात ओटी भरून रीतीप्रमाणं माहेरी गेली. पहिलं बाळंतपण माहेरी, यात कुणी कुणाला विचारायचं नसतं. मीही विचारलं नाही. आठवडी सुट्टीला जायचं, मामींच्या हातची कुळथाची पिठी ओरपायची, बायकोशी दोन शब्द बोलून परतायचं, असं छान चाललं होतं. मग एक दिवस वैजूच्या लुगड्याला रक्ताचा डाग दिसला. पोटात दुखलं नाही, खुपलं नाही, नुसता डाग. नशीब असं, की तो लसीकरणाचा दिवस होता आणि कुरणे सिस्टर लाँचनं वाडीत आल्या होत्या. त्यांनी तिला तपासायलासुद्धा हात लावला नाही. नुसतं विचारलं आणि म्हणाल्या, "आतून तपासायचं नाही, कुणाला तपासू द्यायचं नाही. उद्या साताऱ्याला जाऊन सोनोग्राफी करून या."

आम्ही करून आलो. सिस्टरांनी तो फोटो पाहिला आणि पुढच्या खेपेला माझ्याबरोबर लाँचमध्ये बसून थेट मामींच्या माजघरात येऊन बसल्या.

माझ्या सासूचं नाव हौसाबाई. अंगापिंडानं एवढीशी, पण तिच्यापुढं मामा, गावचा पोलीसपाटील आणि मारका बैल, तिघेही सारखेच गरीब. तिनं सिस्टरांना चहा दिला, बसायला घोंगडी दिली आणि स्वतः चुलीपुढं पाठ करून बसली.

"मामी," सिस्टर म्हणाल्या, "बाळ बाहेर येतं त्या वाटेवर वार आडवी बसलीये. उंबऱ्यावर धोंड ठेवावी तशी. कळा सुरू झाल्या की आधी वार सुटायला लागेल."

मामी चुलीतलं लाकूड पुढं सारत होती. "मंजे पोर आधी न्हाई."

"नाही. आधी रक्त."

"त्ये थांबतंय का?"

"सुईनं नाही, गोळीनं नाही. ऑपरेशन करून बाळ काढायचं, मगच थांबतं. म्हणून कळांची वाटच बघायची नसते. आठवा संपत आला की हॉस्पिटलच्या दारात जाऊन राहायचं. हाकेच्या अंतरावर. मग काही भीती नाही बघा, आई पण नीट, बाळ पण नीट. पण पाण्याच्या या अंगाला राहायचं नाही."

मामीनं चुलीतला जाळ बारीक केला. मग उठली, सिस्टरांच्या कपात आणखी चहा ओतला आणि म्हणाली, "तुमी चांगल्यासाठीच सांगतायसा. पन माजी पोर पयल्या बाळंतपनाला माहेरातनं जायाची न्हाई."

सिस्टरांनी पुन्हा सांगितलं, मी सांगितलं, मामांनीसुद्धा एकदा खाकरून पाहिलं. उपयोग शून्य.

"मी तालुक्याला खोली बघतो," मी म्हणालो.

"खोलीत बाळंतपन व्हतंय व्हय, पावणं? खोलीला कुनी माहेर म्हनतंय?"

"मग माझ्या घरी नेतो. तिथनं एस.टी.नं तासाभरात हॉस्पिटल आहे."

"आन मानसं काय म्हनतील? आयबापानं पोर भरल्या पोटानं माघारी लावली?"

मला वाटलं, निदान माझी आई तरी ऐकेल. तर आई तिच्याही वरताण निघाली. "पहिलटकरणीला मी कशी आणू रे? तिच्या आईच्या तोंडाला काळं फासल्यासारखं होईल. विहिणीनं आपणहून धाडली तर गोष्ट वेगळी." विहीण धाडणार नव्हती, आई आणणार नव्हती आणि हॉस्पिटलात दुखायला लागल्याशिवाय खाट मिळणार नव्हती. दोन्ही घरं तिच्यावर जीव टाकत होती आणि तिला ठेवायला मात्र कुठंच जागा नव्हती.

निघताना वैजू मला परसात भेटली. मी म्हटलं, "तू तरी बोल ना तुझ्या आईला. तुझा जीव आहे."

"भ्या मलाबी वाटतंय वो," ती म्हणाली. "रातीला झोप लागत न्हाई. पन आयेचं ह्ये नुस्तं मानपानाचं न्हाई. दुसरं काय तरी हाय, ती बोलत न्हाई. तुमी तिला समजवा. तिच्याशी जिंकाय जाऊ नका."

हे ऐकून मी पुढचे सात दिवस काय केलं, तर जिंकायचीच तयारी केली. जीप ठरवली, वाक्यं घोटली, आणि येऊन बघतो तर चूलच गायब.

मी आणि मामा जातं घेऊन धक्क्यावर उतरलो. लाँचचा अवतार पाहून मला हसावं का रडावं कळेना. मधोमध फळीवर, बुडाच्या मातीसकट उकरून काढलेली चूल गोणपाटात बसवलेली. तिला लागून बाजलं उलटं टाकलेलं. त्यात गोधड्या, उखळ, शेणी भरलेली पाटी, देवाचे टाक घातलेली टोपली, कुंडीसकट तुळस. न्हाणीतला दगडसुद्धा सोडला नव्हता. पाटीखाली झाकलेली तलंग कोंबडी मधूनच कटकट करत होती. आणि या सगळ्यात गोधडीला टेकून वैजू बसली होती, चेहऱ्यावर किती तरी दिवसांनी हसू.

हैबती सुकाणूपाशी कपाळाला हात लावून उभा. "मामी, ही मानसांची लाँच हाय. बिऱ्हाडाची न्हाई."

"मानसंच हायती सगळी. कोंबडी तेवढी मोजू नगंस," मामीनं त्याला गप्प केलं आणि माझ्याकडं वळली. "पावणं, तुमचं त्ये दवाखान्याच्या म्होरलं ठिकान दावा मला. पोर माहेरातनं हालायची न्हाई म्हनलं हुतं न्हवं मी? मंग माहेरच हालवलं."

घोटलेल्या वाक्यांपैकी एकही मला आठवेना. मी खाली वाकलो आणि त्या बाईच्या पायाला हात लावला. "असू द्या, असू द्या, चूल सांभाळा," ती म्हणाली.

लाँच सुटली. सकाळचं पाणी तेलासारखं संथ होतं. अर्ध्यावर आलो तशी मामी उठून उभी राहिली. उजवीकडच्या डोंगराची खिंड बघायची, मग डावीकडचा कडा बघायची, पुन्हा खिंड. दोन्ही समोरासमोर आल्यावर तिनं हात वर केला. हैबतीनं काही न विचारता इंजिन बंद केलं.

मामीनं ओच्यातून खण काढला, नारळ काढला, मूठभर तांदूळ आणि हळदकुंकू काढलं. लाँचच्या कडेला गुडघे टेकून तिनं ती ओटी पाण्यात सोडली. सवाष्णीच्या पदरात घालावी तशी, हळूच.

"वैजे, नमस्कार कर."

"कुनाला गं?"

"कर म्हनलं की करावं."

वैजूनं हात जोडले. मीही जोडले. खण थोडा वेळ पाण्यावर तरंगला आणि भिजून खाली गेला. मी मामांकडं पाहिलं, तर ते दुसरीकडंच बघत होते. "ह्याचं काय आता इचारू नगा," एवढंच म्हणाले. मग हैबतीनं इंजिन चालू केलं.

तालुक्याच्या हॉस्पिटलसमोर, रस्त्याच्या पलीकडं सोनाक्का तेलिणीचा जुना घाणा होता. घाणा बंद पडलेला, पण छप्पर शाबूत आणि जमीन कोरडी. सोनाक्का एकटी बाई. जीपमधून दारात उतरलेलं जातं, उखळ, तुळस बघून ती म्हणाली, "किती दिसांसाठी?" मामी म्हणाली, "नात न्हाय तर नातू हुस्तवर." सोनाक्कानं कुलूप काढलं आणि स्वतः झाडू घेऊन आत शिरली. पुढं तिचं आणि मामीचं असं गूळपीठ जमलं, की मी गेलो तरी दोघींना माझी दखल घ्यायला फुरसत नसायची.

प्रवासात चुलीचा एक कान उडाला होता. मामीनं ओढ्याकाठची माती आणून तो लिंपला, चूल पुरली, सारवली, हळदकुंकू वाहिलं आणि पहिल्या आधणाची वाफ वर गेली तेव्हा वैजूला म्हणाली, "ये आता. आलीस माहेराला."

डॉक्टरीणबाई रोज रस्ता ओलांडून यायच्या, वैजूचा हात बघायच्या आणि जाताना मामीच्या तव्यावरची गरम भाकरी घेऊन जायच्या. त्यांनीच आधी सांगून ठेवलं होतं, की रक्त द्यायला माणसं हेरून ठेवा. मी वाडीतल्या आणि डेपोतल्या मिळेल त्याला दंडाला धरून तपासायला आणलं. वैजूच्या रक्ताशी जुळलं ते दोघांचंच. एक माझ्या डेपोतला मेकॅनिक आणि दुसरा, कधी नव्हे तो हौसेनं रांगेत उभा राहिलेला, हैबती.

असे दिवस गेले. मग एका दुपारी मी ड्यूटी संपवून घाण्यात आलो तर दारात हैबती चहाची बशी फुंकत बसलेला.

"तू इथं रे कसा भरदुपारी?"

"वारं उठलंय की लई. लाँच बांदून टाकली. आता उद्याच. म्हनलं, बाजार तरी करावा."

मामी आत डिंक तळत होती. तुपाचा वास साऱ्या घाण्यात भरला होता. वैजू बाजल्यावरून उठली, दोन पावलं चालली आणि थांबली. "आये," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. मी खाली पाहिलं तर पायाखालची सारवलेली जमीन लाल होत चालली होती. डाग नव्हे, धार.

मामीनं कढई उतरवली नाही, चुलीतली लाकडं ओढली नाहीत. तशीच उठली, वैजूच्या एका बगलेत शिरली. दुसऱ्या बाजूनं मी. पण दोन पावलांतच वैजूचे गुडघे वाकले, तशी हैबतीनं बशी टाकली आणि बाजलंच उचललं. "निजवा तिला!" आम्ही बाजल्यासकट रस्ता ओलांडला. एक बैलगाडी मधे आली, तिच्या गाडीवानाला सोनाक्कानं जी शिवी घातली ती इथं लिहिण्यासारखी नाही. हॉस्पिटलचं फाटक, पायऱ्या, आणि डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत समोरच. मागं वळून पाहिलं, तर घाण्यातल्या चुलीचा धूर तिथून दिसत होता. एवढंच ते अंतर.

दार बंद झालं. हैबती बाही वर सारून रक्त द्यायला आत गेला, मेकॅनिकला बोलवायला कुणी तरी सायकल पिटाळली. मामी ऑपरेशनच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसली, हात मांडीत, डोळे मिटलेले. मी बाकावर, मागनं धावत आलेल्या मामांशेजारी. बाहेर झाडं वाऱ्यानं वाकत होती. पाण्यावर आत्ता काय चाललं असेल ते मला बसल्या जागी दिसत होतं. लाटा, बांधलेली लाँच आणि पलीकडच्या धक्क्यावर बाजलं घेऊन उभे असलेले आम्ही. मी बाक घट्ट धरला.

"वैजूच्या आदी एक झालं हुतं," मामा एकदम म्हणाले.

मी त्यांच्याकडं पाहिलं. आजवर मामा आपणहून बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

"धरनाचं पानी चढलं त्या साली. हिचं माहेर खाली नदीकाठी. ती ओटी सोडली न्हवं, तितं. समदं गाव ट्रकात घालून लांबच्या मुलखात न्हेलं. ही सात म्हैन्यांची पोटुशी. मायनं सांगावा धाडला हुता, न्यायाला येतो म्हनून. पन यायाला वाट हाय कुटं? आमचीबी घरं पान्याखाली चाललेली. आमी डोंगरावर पाला टाकून ऱ्हायलो हुतो. माजी आय तवाच गेलेली. हिच्यापाशी कुनी बाईमानूस न्हवतं. दोन दिस कळा दिल्या. पोरगं झालं, पन रडलंच न्हाई. हीबी वाचती का न्हाई असं झालं हुतं."

मामांनी पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं.

"तवापासनं तिच्या मनानं घेतलं, की माहेर न्हवतं म्हनून पोर गेलं. आय जवळ असती, आयेची चूल असती, तर वाचलं असतं. तुमी वैजूला न्ह्याची म्हनला की तिच्या डोळ्यांम्होरं त्येच यायाचं. तिला वाटायचं, तुमी पोरीला मराय न्हेतायसा."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्ही सगळे, मी, सिस्टर, जीपवाला मित्रसुद्धा, तिला मानापानाची हेकट बाई समजत होतो. आणि ती तर आमच्याइतकीच, किंबहुना आमच्याहून जास्त, त्याच गोष्टीला भीत होती. तिलाही वैजूचा जीवच वाचवायचा होता.

"मग चूल उकरायचं कसं सुचलं?"

"सिस्टर गेल्या तवा पान्याच्या कडंला जाऊन बसली. दिस मावळायला आली आन म्हनाली, माजं माहेर पान्यानं न्हेलं, म्हनून मला घावलं न्हाई. ह्ये माहेर आपुन आपल्या हातानं न्हिऊ. मंजे पोरीला हुडकाय लागायचं न्हाई."

तेवढ्यात आतून आवाज आला. बारीक, चिडका, कोंबडीच्या पिलासारखा. मामीनं डोळे उघडले. ती उठली नाही, हलली नाही. नुसती मामांकडं पाहून म्हणाली, "रडलं."

"व्हय," मामा म्हणाले. "रडलं."

मग ती बाई रडायला लागली. जिच्या डोळ्यांत मी कधी पाणी पाहिलं नव्हतं, ती हौसाबाई पदर तोंडात कोंबून हमसून हमसून रडत होती. मामा तिच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसले. मी भिंतीकडं तोंड केलं, कारण माझंही काही वेगळं चाललेलं नव्हतं.

मुलगी झाली होती. वजनानं कमी, पण हातपाय झाडणारी. वैजू पांढरीफटक पडली होती, तरी शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलली ते, "आये, डिंक करपला का गं?" डिंक करपून कोळसा झाला होता. सोनाक्कानं मात्र चूल विझू दिली नव्हती.

डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही नशीबवान आहात. रस्त्याच्या पलीकडं होतात." मी म्हणालो, "नशीब नाही बाई, सासू." त्या हसल्या.

टाके निघाल्यावर मामीनं मायलेकींना घाण्यात आणलं. न्हाणीच्या दगडावर बसवून वैजूला न्हाऊ घातलं, पोरीला पायावर घेऊन तेल लावलं, शेक दिला, बारसंही तिथंच केलं. कुरणे सिस्टर बारशाला आल्या तेव्हा मामीनं त्यांचीच ओटी भरली. "तुमी खरं तेच बोललासा," ती म्हणाली. "मला उमगाय जरा येळ लागला." सिस्टर म्हणाल्या, "मामी, तुम्ही जे केलंत ते मला सुचलं नसतं." दोघींनी एकमेकींचे हात बराच वेळ धरून ठेवले होते.

परत जायचा दिवस आला. मी आणि हैबती सामान लाँचमध्ये भरायला आलो. बाजलं उचललं, जातं उचललं, टाक, तुळस, आता चांगली जाडजूड झालेली तलंग. शेवटी मी पहार घेऊन चुलीपाशी वाकलो तर मामीनं माझा हात धरला.

"ती ऱ्हाऊ द्या."

"अहो, मग घरी?"

"घरी दुसरी घालीन. माती काय थोडी हाय डोंगरात?" तिनं वाकून चुलीच्या त्या लिंपलेल्या कानावरून हात फिरवला. "पान्यापल्याड लई वाड्या हायती, पावणं. आनखी कुना पोरीची वार वाटंत आसंल, कुनाचं पोर आडवं आसंल. सिस्टर सांगतील त्यांला. पन त्यांच्या आया काय म्हनतील, ठावं हाय मला. खोलीला कुनी माहेर म्हनतंय व्हय? म्हनून ऱ्हाऊ द्या." मग सोनाक्काकडं बघून म्हणाली, "अक्का, विझू दिऊ नगंस."

मामी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मामा गेले, सोनाक्का गेली. घाण्याची जागा तिच्या भाच्यानं तशीच ठेवलीये, पत्रे नवे घातलेत. माझी लेक शिकून सवरून नोकरीला लागली, तिलाही दोन मुलं झाली. आणि मी रिटायर झालो तरी तालुक्याला गेलो की पाय आपोआप हॉस्पिटलच्या रस्त्याला वळतात.

मागच्या उन्हाळ्यात असाच गेलो होतो. घाण्याच्या दारात एक पोरगी बसली होती, पोट चांगलं वर आलेलं, पाय पुढं पसरून तांदूळ निवडत. आत तिची आई चुलीपुढं वाकून फुंकणी फुंकत होती. चूल तीच. किती हातांनी लिंपली असेल कुणास ठाऊक, पण तीच.

"कुठली गं तू, बाळ?" मी विचारलं.

तिनं पदर सावरला. "पान्यापलीकडची, काका."

"आणि इथं कशी?"

माझ्या प्रश्नाचं तिला नवलच वाटलं. तिनं सुपातला खडा टिपून बाजूला टाकला आणि म्हणाली, "बाळंतपनाला माहेरी आलीया की."